लांगझाचा दगड

वन्सं, तुमच्या चौदाव्या दिवसाचं गोडाचं जेवण उरकलं आणि त्याच दुपारी अकलूजचे चुलत भाऊजी पितळेची डबी घेऊन माझ्यासमोर बसले. तीच डबी. झाकणावर शंख कोरलेली, एका कडेला पोचा आलेली. मी ती लगेच ओळखली.

म्हणाले, "वहिनी, अक्का गेली. आता तो दगड घरात ठेवता यायचा नाही. खरा शाळिग्राम नव्हेच तो, गंडकीतला नव्हे. पण चार वर्षं नैवेद्य खाल्लाय की त्याने. बिनपूजेचा पडून राहिला तर दोष लागतो. जाता जाता पुलावरून भीमेत सोडतो."

मी दोन दिवसांची मुदत मागितली. भाऊजींना आश्चर्य वाटलं असावं, कारण त्या दगडाला घराबाहेर काढा म्हणून चार वर्षं सगळ्यांत मोठ्याने मीच ओरडत होते.

माझ्या डोळ्यांतून अजून पाणी आलेलं नाही. शेजारपाजारच्या बायका येतात आणि मन मोकळं करा म्हणून सांगून जातात. माझं मन मोकळं व्हायचं तर तुमच्याशी भांडावं लागेल, आणि तुम्ही भांडण अर्ध्यावर टाकून निघून गेलात. म्हणून लिहायला बसले आहे. लिहून झालं की टोरांटोला आणि मेलबर्नला नातवंडांना पाठवणार आहे. त्यांच्या लेखी तुम्ही शेंगाचटणीच्या पुड्या पाठवणाऱ्या आणि व्हिडिओवर नुसतं कपाळ दाखवणाऱ्या अक्काआजी. त्यांना नीट कळावं म्हणून तुम्हाला ठाऊक असलेलंही पुन्हा सांगणार आहे. कंटाळा येईल तुम्हाला. येऊ द्या.

आपल्या देवघरात बारा शाळिग्राम होते. काळे, गुळगुळीत, सगळ्यांत मोठा लिंबाएवढा. मामंजी त्यांची पूजा करायचे, त्यांच्यामागे तुमचे भाऊ करू लागले. बायकांनी शाळिग्रामाला हात लावायचा नाही, हा घराचा नियम. तुम्ही पहाटे ओलेत्याने तुळस खुडायची, गंध उगाळायचं, ताम्हण घासून लख्ख करायचं आणि मग देवघराच्या उंबऱ्याअलीकडे हात जोडून बसायचं. वयाच्या दहाव्या-बाराव्या वर्षापासून सत्तरीपर्यंत. लग्न केलं नाहीत, सोलापूरच्या भवानी पेठेत शिवणाचा क्लास चालवलात, विणकरांच्या मुलींकडून फाडफाड तेलुगू शिकलात, या घराचा गळका स्लॅब तुमच्या कमाईतून नीट झाला. पण तुमचा हात त्या उंबऱ्याच्या आत गेला नाही. मी नवी सून असताना विचारलं होतं, तुम्हाला राग येत नाही का. तुम्ही म्हणालात, "राग आणि सोवळं एका वेळी सांभाळता येत नाही गं." मला तेव्हा ते फार चतुर वाटलं होतं. आता वाटत नाही.

तुमचे भाऊ गेले तेव्हाही असाच चौदावा दिवस होता. भाऊजी ही डबी घेऊन आले आणि म्हणाले, घरात पुरुषमाणूस नाही, मुलगा परदेशात, देव उपाशी राहतील, मी नेतो. तुम्ही स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होता. तुम्ही भाऊजींकडे पाहिलं नाहीत. माझ्याकडे पाहिलंत.

आणि मी, इंग्रजी घेऊन एम. ए. झालेली, पस्तीस वर्षं मुलींना शिकवलेली, तपासणीला आलेल्या साहेबाला भर वर्गात त्याची चूक दाखवणारी मी म्हणाले, "बरं झालं. एक जबाबदारी कमी झाली."

एवढ्यावर थांबले नाही. माझा स्वभाव तुम्हाला माहीत आहे. कागद घेतला, बारांची यादी केली, प्रत्येकापुढे आकार आणि खूण लिहिली, खाली भाऊजींची सही घेतली आणि कागद फायलीत लावला. तुम्ही ते सगळं पाहिलंत आणि आत जाऊन ताम्हण घासत बसलात. त्या ताम्हणात ठेवायला काही उरलेलं नव्हतं.

त्याविषयी आपण एकदाही बोललो नाही. तुम्ही बोलला असतात तर मी काय उत्तर दिलं असतं ते मला माहीत नाही. पण तुम्ही बोलायला हवं होतं. साठ वर्षं गप्प बसून माणसाने आयत्या वेळी नुसतं बघायचं आणि समोरच्याने सगळं ओळखायचं, ही कुठली पद्धत?

दोन वर्षांनी मी हिमाचलातल्या स्पितीला जायचं काढलं. मला तिथले मातीचे मठ पाहायचे होते, मुलांना त्यांची छायाचित्रं पाठवायची होती. मुलगा म्हणाला, आई, या वयात एवढ्या उंचीवर कशाला. बरोबर यायला कुणी तयार नव्हतं. तुम्ही भाकरी थापता थापता म्हणालात, "मी येते की." तुम्ही तेव्हा पंच्याहत्तरीच्या होता. डॉक्टरांनी आपल्या दोघींना तपासलं, गोळ्या लिहून दिल्या आणि डोकं धरून हसले.

मी फाइल केली: तिकिटं, मुक्काम, औषधं, प्रत्येक ठिकाणी काय पाहायचं. तुम्ही कडक भाकऱ्या केल्यात, चटणी कुटलीत आणि दोघींच्या परकरांना आतून चोरखिसे शिवलेत. पैसे आत राहिले की माणूस निर्धास्त चालतो, म्हणालात. त्या चोरखिशाचं कौतुक मी दिल्लीपर्यंत करत होते. जळो ते कौतुक.

दिल्लीहून सिमला, आणि पुढे गाडीने रोज थोडं थोडं वर. रस्ता एका बाजूने डोंगराला चिकटलेला, दुसऱ्या बाजूला खाली नदीची राखाडी रेघ. मी डोळे मिटून बसायचे, तुम्ही काचेला नाक लावून. झाडं संपली, मग झुडपंही संपली, आणि नुसते पिवळे, जांभळे, उघडे डोंगर उरले. मला ते भव्य वाटले. तुम्ही म्हणालात, "उन्हाळ्यात आपल्याकडे तरी काय वेगळं असतं." पहिली पांढरी मातीची घरं दिसली, सपाट धाब्याची, वर गवताच्या पेंढ्या रचलेली, तेव्हा तर तुम्ही गाडी थांबवायला लावलीत. आजोळचं करमाळ्याचं माळवदाचं घर उचलून कुणी इथे आणलं, असं म्हणत त्या भिंतीवरून हात फिरवत राहिलात.

ताबोचा मठ मुलांना दाखवायचा होता, पण आत छायाचित्रं काढायची नाहीत. बाहेरून मातीचं बुटकं कोठार, आणि आत अंधारात हजार वर्षांची चित्रं. भिंतींतून पुढे आलेल्या मातीच्या मूर्ती, त्यांच्याखाली निळ्या-तांबड्या रंगांत सगळी सृष्टी. एका तरुणाने चोरून फोन वर केला तेव्हा मी त्याला असं झापलं की त्याच्या बरोबरची माणसंही बाहेर गेली. म्हटलं, या गोष्टी आपल्या नाहीत, पाहायला मिळतात एवढंच. मागे वळले तर तुम्ही आत आलेल्याच नव्हता. उंबऱ्याबाहेर पदर धरून उभ्या. तिथल्या वृद्ध लामांना खुणेने विचारत होता, बायकांना चालतं का. त्यांना प्रश्नच कळला नाही. ते तुमचा हात धरून तुम्हाला आत घेऊन आले आणि विजेरीचा उजेड भिंतीवर टाकत एकेक मूर्ती दाखवू लागले. तुम्ही मूर्तींकडे कमी आणि त्यांनी धरलेल्या हाताकडे जास्त पाहत होता. मी ते पाहिलं आणि फाइलमध्ये लिहिलं, ताबो, दीड तास. बाकी काही लिहिलं नाही.

आता लांगझा. काझाच्या वर, गाडी जाईल तेवढं उंच, मूठभर घरांचं गाव. माथ्यावर बुद्धाची मोठी मूर्ती, दरीकडे तोंड करून बसलेली. गावाखालच्या ओढ्यात काळे दगड सापडतात, फोडले की आत शंखाची, चक्राची नक्षी. कोट्यवधी वर्षांपूर्वी तिथे समुद्र होता, त्या समुद्रातल्या जिवांचे ते ठसे. शाळिग्राम म्हणजेही हेच, असं मी तुम्हाला काझात समजावून सांगितलं होतं. माझंच तोंड. मीच सांगितलं होतं.

आपण डोलमाच्या घरी उतरलो होतो. चाळिशीची, कणखर, नवऱ्याबरोबर शेत आणि याक सांभाळून पाहुण्यांना दोन खोल्या देणारी बाई. तिने जेवताना सांगितलं की येणारा प्रत्येक जण एक दगड उचलतो, मुलं विकतातही, तिला ते अजिबात आवडत नाही. "सब एक-एक ले जाएँगे तो पहाड़ के पास क्या रहेगा?" मी ताठ बसून तिला शब्द दिला. म्हटलं, आम्ही शिक्षक माणसं, आमच्याकडून एक खडा हलणार नाही. तुम्ही शेजारी बसून मान डोलावलीत आणि सोलापूरहून आणलेली मोरांची चादर तिच्या मांडीवर ठेवलीत.

दुसऱ्या सकाळी मी वरच्या बुद्धापर्यंत चालत गेले. तुम्ही गुडघे दुखतात म्हणून डोलमाच्या स्वयंपाकघरात थांबलात. परत आले तर तुमचे डोळे लाल होते. मी म्हटलं, शेणीच्या धुराने असेल. तुम्ही म्हणालात, असेल.

तिथून तुम्ही एका अंगाने वाकड्या चालू लागलात. वन्सं, सिमल्यापर्यंत रोज मी तुमच्या उजव्या गुडघ्याला मलम चोळलं. तुमची पिशवी माझ्या खांद्यावर घेतली. दिल्लीच्या फलाटावर हमालाशी हुज्जत घातली आणि सोलापूरपर्यंत तुमच्या उशाशी बसून दर तासाला विचारलं, कळ आहे का. तुम्ही कण्हत होता. माणसाने इतकं छान कण्हू नये.

घरी आल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी देवघरात समई लागलेली दिसली. घासलेल्या ताम्हणात मुठीएवढा काळा दगड, मधोमध चक्र. आणि तुम्ही उंबऱ्याच्या आत, पाटावर बसून त्याला आपल्या हाताने आंघोळ घालत होता. तुमचा गुडघा एकदम बरा झालेला होता.

मी तुम्हाला चोर म्हटलं. मोठ्याने म्हटलं, खिडक्या उघड्या होत्या. मी म्हटलं, शब्द मी दिला आणि मोडलात तुम्ही, ताबोत त्या पोराला झापणाऱ्या माझ्या तोंडाला काळं फासलंत. तुम्ही गंध लावत राहिलात. मग मी तुमच्या शास्त्रात शिरले. म्हटलं, हा गंडकीतला नाही, तुमच्याच नियमाने हा देव नाही.

तुम्ही म्हणालात, "दगडाला पत्ता विचारतेस होय गं, मास्तरीणबाई? पोस्टात टाकायचाय?"

त्या दिवशी मी एक चिठ्ठी लिहून ताम्हणाखाली ठेवली: हा दगड चोरीचा आहे. तुम्ही रोज सकाळी चिठ्ठी उचलून बाजूला ठेवायचात, पूजा करायचात आणि चिठ्ठी जशीच्या तशी परत ताम्हणाखाली सरकवायचात. चार वर्षं. तिच्या कडांना तुमच्या बोटांचं गंध लागून ती पिवळी पडली. सणावाराला मी विषय काढायचे. तुम्ही एकच उत्तर द्यायचात, "मी मेले की परत नेऊन ठेव." मला तो टोमणा वाटायचा. माझं वय, ती उंची, आणि तुम्ही खुशाल मरून मला डोंगर चढायला लावणार, अशी तुमची खोडी. मीही उलटून म्हणायचे, आधी मरा तर खरं. वन्सं, ते मी गमतीत म्हणत नव्हते आणि मनापासूनही म्हणत नव्हते. आपल्या घरात तसंच बोलतात.

डोलमाने दरवर्षी थंडीत चादरीचं छायाचित्र पाठवलं, कधी तिच्या सासूच्या अंगावर, कधी धाब्यावर वाळत घातलेली. मी एकदाही उत्तर दिलं नाही. चोराच्या भावजयीने काय लिहायचं?

भाऊजींकडून दोन दिवस मागून घेतले त्या संध्याकाळी मी तिला फोन लावला. ठरवून, कागदावर मुद्दे काढून. आधी तुमची बातमी सांगितली. ती बराच वेळ तिच्या भाषेत काहीतरी पुटपुटत होती, तुमच्यासाठीच असावं. मग मी माफी मागायला सुरुवात केली. म्हटलं, तुझ्या गावचा एक दगड आमच्याकडे आहे, आम्ही शब्द देऊन चोरून आणला.

ती म्हणाली, "चोरी नहीं, आंटी। माताजी ने माँगा था। मैंने ही दिया।"

मी पुन्हा विचारलं. तिने पुन्हा सांगितलं. मी बुद्ध पाहायला गेले होते त्या सकाळी तुम्ही तिच्या चुलीपाशी बसून रडलात. मोडक्यातोडक्या हिंदीत तिला सांगितलंत की आमच्या घरातून देव उचलून नेले, मी आयुष्यभर त्यांचं सगळं केलं आणि मला एकदाही हात लावू दिला नाही. मग मागितलंत. एकच, मरेपर्यंत, मग परत करीन. ती विचारात पडली, मग स्वतः ओढ्यावर जाऊन चक्र असलेला बघून घेऊन आली. चोरखिशात घालतानाही तिनेच मदत केली, म्हणाली आणि थोडी हसली.

मी विचारलं, माझ्याबद्दल काही बोलल्या होत्या का. मी विचारायला नको होतं.

"बोल रही थीं, भाभी बहुत पढ़ी-लिखी है, सबसे लड़ती है। उस दिन चुप रही।"

वन्सं, मी त्या रात्री जेवले नाही. रागाने. दुःख वगैरे नंतर बघू. मला चार वर्षं चोर म्हणू दिलंत. रोज माझी चिठ्ठी उचलून परत ठेवलीत. एक वाक्य, "मागून आणलाय गं," एवढं म्हणायचं होतं. पण मग मी विचारलं असतं, का मागितलात, आणि तुम्हाला त्या चौदाव्या दिवसाबद्दल बोलावं लागलं असतं. ते तुम्ही मला सांगितलं नाहीत. एका घरात पन्नास वर्षं, एका ताटलीत पापड मोडून खाल्लेले, आणि माझी तक्रार केलीत ती डोंगरावरच्या एका बाईकडे, जिची भाषा तुम्हाला येत नव्हती. मला का नाही? मी ओरडले असते, उलट बोलले असते, कदाचित दोन दिवस अबोला धरला असता. तिसऱ्या दिवशी अकलूजची गाडी पकडून डबी घेऊन आले असते. एवढी ओळख नव्हती तुम्हाला माझी?

कदाचित होती. मी यादी केली, हेही तुम्ही पाहिलं होतं.

तिसऱ्या दिवशी भाऊजी आले. डबी टीपॉयवर ठेवली. मी त्यांना पाणी दिलं आणि उभ्या उभ्याच सांगितलं, "भाऊजी, हा दगड अक्कांचा आहे. त्यांनी ज्यांना परत द्यायचा शब्द दिला, त्यांच्याकडे जाईल. भीमेत नाही."

"आणि तोवर पूजा?"

"मी करेन."

"तुम्ही?" ते हसले. "वहिनी, आयुष्यात कधी देवाला फूल वाहिलंय का? मंत्र तरी येतात?"

"येत नाहीत. आंघोळ घालता येते. दोन मुलं वाढवलीत."

ते काही बोलणार तेवढ्यात मी फाइल उघडून तो कागद त्यांच्यापुढे धरला. बारा शाळिग्राम, आकार, खुणा, खाली त्यांची सही. म्हटलं, हे नीट आहेत ना, ते पाहायला पुढच्या महिन्यात अकलूजला येते आहे. त्यांचा चेहरा पाहण्यासारखा झाला. चहा न घेता गेले. डबी विसरले, मी जिन्यापर्यंत जाऊन हातात दिली.

ते बारा परत आणून आता मी काय करू? ज्यांनी हात लावायचा त्याच नाहीत. पण भाऊजींना दोन-चार रात्री झोप लागू नये, म्हणून म्हटलं. तुम्हाला आवडलं असतं. तुम्ही दारात उभ्या असतात, आणि या वेळी मी बोलले हे तुम्ही पाहिलं असतंत. सहा वर्षं उशीर झाला, हे मला कळतं. ते कळतं म्हणूनच चिडते आहे.

नातवंडांनो, आता तुम्हाला सांगते. स्पितीच्या फाइलमधलं पान सोबत जोडते आहे. मला डॉक्टर आता तेवढ्या उंचीवर जाऊ देणार नाहीत. तुमच्या अक्काआजीचं हे काम तुमच्यापैकी ज्याला आधी सुट्टी मिळेल त्याने करायचं. काझाहून सकाळी निघा, उंचीची सवय व्हायला आधी दोन दिवस खाली थांबा, गोळ्या विसरू नका. काझाच्या आधी वाटेत ताबोला उतरा, आत फोन काढू नका. लांगझात डोलमाचं घर गावाच्या खालच्या टोकाला आहे, तिला नवी चादर द्या, मी इथून पाठवते. दगड तिच्या हातात देऊ नका. तिच्याबरोबर ओढ्यावर जा आणि तिने उचलला तिथेच तिला विचारून ठेवा. ठेवताना काही म्हणायचं असेल तर म्हणा, नसेल तर नका म्हणू. भांडण माझं आणि त्यांचं आहे, ते तुम्हाला तिथे वाहून न्यायचं नाही.

तोवर रोज सकाळी मी ताम्हण घासते. तुमच्याइतकं लख्ख होत नाही. दगडावर पाणी ओतते आणि ओतता ओतता तुम्हाला एकेक गोष्ट ऐकवते: गुडघ्याचं मलम, हमाल, चार वर्षांची चिठ्ठी. उत्तर देत नाही तुम्ही. सवयच आहे तुमची.

आज ती जुनी चिठ्ठी काढून 'चोरीचा' या शब्दावर रेघ मारली आणि वर लिहिलं, 'उसना'. ताम्हणाखाली ठेवताना पाणी सांडून ती भिजली. आता गच्चीवर वाळत घातली आहे, वर तुमची शिवणाची कात्री ठेवून. वाऱ्याने गेलीच तर दुसरी लिहीन. शब्द तोच राहील.